‘गेले’ कसं सांगायचं? मराठीत वाईट बातमी कळवणाऱ्या नवख्यांसाठी

साताऱ्यात काका गेले तेव्हा फोन हातात धरण्याच्या अवस्थेत घरात मी एकटाच होतो. काकू भिंतीला टेकून बसलेल्या, दादा दुबईत, आणि माझ्यापुढे काकांची जुनी डायरी. तिच्यात साठ-सत्तर नंबर. माझं मराठी इंदूरचं. घरात मराठी, पण गल्लीत, शाळेत, दुकानात सगळी माळव्याची हिंदी. पहिला फोन कराडच्या आत्याला लावला आणि आमच्याकडे सांगतात तसंच सांगितलं, ‘आत्या, काका शांत झाले.’

‘झाला ना? बरं झालं. रात्रभर तळमळत होता म्हणे. झोपू दे आता त्याला,’ असं म्हणून तिने फोन ठेवला.

मला पुन्हा फोन करावा लागला. त्या दुसऱ्या फोनबद्दल लिहीत नाही.

महाराष्ट्राबाहेर वाढलेले, लग्न करून मराठी घरात आलेले, किंवा इथेच वाढलेले पण आजवर अशी बातमी सांगायची वेळ न आलेले, अशांसाठी हे लिहितोय. वेळ आली की शब्दकोश उघडायला कुणी थांबत नाही, म्हणून आधीच वाचून ठेवा.

१. शब्द कोणाचा आहे ते आधी ओळखा

मराठीत धक्क्याचे वाक्प्रचार ढिगाने आहेत. आभाळ कोसळलं, पायाखालची वाळू सरकली, काळजात चर्र झालं, पोटात धस्स झालं, हातपाय गळाले, डोळ्यांपुढे अंधारी आली. नवखा माणूस हे पाठ करतो आणि बातमी सांगताना वापरतो. तिथेच चुकतं. हे सगळे ऐकणाऱ्याचे शब्द आहेत. ‘तुमचा फोन आला आणि पायाखालची वाळूच सरकली,’ असं समोरच्याने नंतर म्हणायचं असतं. सांगणाऱ्याने आधीच ‘आमच्यावर आभाळ कोसळलंय’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला काय झालं ते कळतच नाही आणि तो उलट आपलीच समजूत काढत बसतो.

दुसरा गठ्ठा वर्तमानपत्राचा. काळाने घाला घातला, प्राणज्योत मालवली, कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला. हे कुणा तिसऱ्याने लिहायचं. स्वतःच्या वडिलांबद्दल ‘त्यांची प्राणज्योत मालवली’ असं फोनवर बोलणारा मुलगा मी तरी पाहिला नाही.

तिसरा गठ्ठा खुद्द सांगणाऱ्याचा. तो अगदी छोटा आहे: गेले, वारले, निधन झालं. त्याच्या आधी एक इशाऱ्याचं वाक्य. बाकी काही नाही.

आणि काही वाक्प्रचार शोकाचे वाटतात पण भीतीचे असतात. ‘धाबे दणाणले’ हे छापा पडल्यावर लबाडांचं होतं. ‘पाचावर धारण बसली’ हेही घबराटीचं. धारण म्हणजे धान्याचा भाव. रुपयाला पाचच शेर धान्य मिळू लागल्यावर पोटात गोळा येतो तसं, असा त्याचा अर्थ सांगतात. भाऊ गेल्याचं कळल्यावर कुणाची पाचावर धारण बसत नाही. बसलीच तर लोकांना वेगळा संशय येईल.

२. फोन लावण्याआधी कागदावर काय हवं

पाच मिनिटं जातील, पण पुढचे दोन तास वाचतील. एका कागदावर लिहून काढा:

- गेलेल्या माणसाचं पूर्ण नाव, आणि घरात-गावात ज्या नावाने ओळखत ते नाव. (आमच्या काकांचं कागदोपत्री नाव निम्म्या नातेवाइकांना माहीतच नव्हतं.)
- वय, वेळ, आणि कारण एका ओळीत. घरच्यांनी ठरवलेलं कारण, तुम्हाला वाटणारं नव्हे.
- अंत्ययात्रा कुठून, किती वाजता, कोणत्या स्मशानभूमीत. आमच्याकडे संगम माहुली होतं. पुण्यात नुसतं ‘वैकुंठ’ म्हटलं की नवी पेठेतली स्मशानभूमी कळते, पण परगावच्या माणसाला पत्ता सांगावा लागतो.
- कोणासाठी थांबणार आहात. दादा दुबईहून येणार म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ ठरवली. ‘थांबलाय का?’ हा प्रश्न प्रत्येक फोनवर येतो.
- फोन करणाऱ्या दोघा-तिघांची नावं आणि कोण कोणाला कळवणार ती वाटणी.

याच वेळी कुणीतरी कागदपत्रांकडे बघायला हवं. मृत्यू घरी झाला असेल तर डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला लागतो (नमुना ४-अ, रुग्णालयात झाला तर नमुना ४). तो नसेल तर स्मशानात अडवतात. पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. गेलेल्या माणसाचं आधार कार्ड हाताशी ठेवा. या सगळ्या कागदांवर तुम्हाला ‘मयत’ हा शब्द भेटेल: मयताचे नाव, मयत खातेदार, मयताचे वारस. तो कार्यालयात शोभतो, काकूंसमोर मोठ्याने वाचू नका. मी वाचला होता.

३. कोणाला फोनवर सांगायचं, कोणाला नाही

गेलेल्याची आई, बायको, म्हाताऱ्या बहिणी, आणि घरी एकटं असलेलं कुणीही: यांना थेट फोन नको. आधी त्यांच्या शेजाऱ्याला किंवा जवळच्या भाच्या-पुतण्याला फोन करा, त्यांना घरी जायला सांगा, आणि ते पोचल्यावर त्यांच्या तोंडून कळू द्या. आत्याच्या बाबतीत मी हेच केलं नाही. खालच्या मजल्यावर तिची सून होती.

पूर्वी बातमी माणसाकरवीच जायची. त्याला सांगावा म्हणत. मयताचा सांगावा घेऊन गावोगाव चालत जाण्याचं हे काम गावगाड्याने महारांवर लादलेलं होतं. रात्र असो, पाऊस असो, नाही म्हणायची सोय नव्हती. कनिष्ठ ग्रामवतनं, म्हणजे अशी पिढीजात गावकामं आणि त्यांचा मोबदला, रद्द करणाऱ्या १९५८ च्या कायद्याने ती गेली. जे काम कुणालाच नको होतं ते ज्यांना नाकारता येत नव्हतं त्यांच्या गळ्यात बांधलं, एवढं तरी ‘सांगावा’ हा गोड वाटणारा शब्द वापरताना लक्षात असू द्या.

मग पोस्टकार्ड आलं. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू, तर मृत्यूच्या कार्डाचा कोपरा फाडलेला. वर ‘श्री’ लिहायचा नाही. असं कार्ड उंबऱ्याबाहेर वाचून फाडून टाकत. आणि तार तर दारात आली की फोडायच्या आधीच रडारड सुरू व्हायची, मग आत नोकरीचा हुकूम का असेना. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली. फाडलेला कोपरा काय किंवा तारवाल्याची सायकल काय, मजकुराआधीच इशारा देऊन जायची. फोनला असा कोपरा नाही, म्हणून तो आपल्या वाक्यात आणावा लागतो.

४. पहिलं वाक्य

‘बातमी चांगली नाही.’ किंवा, ‘जरा बसून घ्या, वाईट बातमी आहे.’ किंवा वडीलधाऱ्यांना, ‘काकी, मन घट्ट करा.’ यातलं एकच. मग एक श्वास. मग नाव आणि क्रियापद: ‘आपले काका आज पहाटे वारले.’

मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. समोरून हुंदका येतो, शिवी येते, ‘असं कसं, परवाच बोललो’ येतं, आणि आपल्याला काहीतरी भरायची घाई होते. भरू नका. वेळ आणि ठिकाण त्यांनी विचारल्यावर सांगा. विचारलं नाही तर दुसऱ्या कुणाला तरी फोन द्यायला सांगून त्यांना सांगा.

फोनची सुरुवात ‘कसे आहात? जेवण झालं का?’ अशी करू नका. सवयीने तोंडातून निघतं. माझ्याकडून वाईच्या मामांशी निघालं, त्यांनी पाच मिनिटं हळदीचा भाव सांगितला, आणि मग मला मध्येच तोडून काका गेल्याचं सांगावं लागलं.

५. क्रियापद कोणतं?

‘गेले’ सगळ्यात मऊ आणि घरगुती. पण सापळा आहे: जो माणूस सारखा प्रवासाला असायचा त्याच्याबद्दल ‘काका गेले’ म्हटलं की ‘कुठे?’ असा प्रश्न येतो. ‘आपले काका गेले’ किंवा ‘काका आपल्याला सोडून गेले’ म्हटलं की प्रश्न उरत नाही. याच शब्दाच्या धाकाने मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो.

‘वारले’ स्वच्छ, निःसंदिग्ध, गावात-शहरात सगळीकडे चालतं. अडलात तर हेच वापरा. साताऱ्या-कोल्हापूरकडे खेड्यात ‘आबा वारलं’ ऐकाल. तो अनादर नाही, तिथला आदरच तसा बोलतो. तुम्ही तिथले नसाल तर नक्कल करू नका.

‘निधन झालं’ लेखी आणि औपचारिक. ऑफिस, सोसायटी, बँक.

‘देवाज्ञा झाली’ जुन्या पिढीचं. म्हाताऱ्या तोंडी शोभतं.

‘ऑफ झाले’, ‘एक्सपायर झाले’ हल्ली सर्रास ऐकू येतं. मृत्यू शब्द टाळायला इंग्रजीची ओढणी. पण ऐंशी वर्षांच्या माणसाला ‘ऑफ झाले’ म्हटलं तर काय ऑफ झालं ते समजावत बसावं लागेल, आणि औषधाच्या बाटलीचा शब्द माणसाला लावणं मला तरी आवडत नाही.

‘मेले’ स्वतःच्या माणसाबद्दल नाही, दुसऱ्याच्याबद्दल तर मुळीच नाही. ‘ठार’ अपघात-हल्ल्याच्या बातमीत. ‘दगावले’ आजारात, विशेषतः तान्ही मुलं किंवा जनावरं यांच्याबाबत. ‘खपला’, ‘गचकला’, ‘आटोपला’ कट्ट्यावरचे. ‘राम म्हटला’ तर गाडी बंद पडल्यावरही म्हणतात, त्यावरून समजा.

सगळ्यात मोठा सापळा ‘सुटले’. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाबद्दल हे खरंच असतं, आणि म्हणूनच ते म्हणायचा हक्क फक्त ज्याने ती दोन वर्षं काढली त्याचा. काकू तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘सुटले हो.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. एका शेजाऱ्यांनी तेच पहिल्याच दिवशी दारात म्हटलं होतं, तेव्हा काकूंनी त्यांच्याकडे पाठ केली. ‘सोनं झालं’ या शब्दालाही हाच नियम.

आता पंथाचं. प्रत्येकाला सरसकट ‘कै.’ लावू नका. कैलासवासी हा शैव वळणाचा शब्द. वारकऱ्यांच्या घरात ‘वैकुंठवासी’ म्हणतील. लिंगायत घरात ‘लिंगैक्य झाले’, मुसलमान घरात मराठी पत्रिकेत ‘पैगंबरवासी’, ख्रिस्ती घरात ‘ख्रिस्तवासी’. बौद्ध घरात ‘कालकथित’ वाचाल, आणि तेराव्याऐवजी ‘पुण्यानुमोदन’ असतं. तिथे ‘स्वर्गवासी’ लिहिणं म्हणजे त्यांनी सोडलेली गोष्ट त्यांच्या गळ्यात घालणं. माहीत नसेल तर ‘दिवंगत’ लिहा, कुठेही अडत नाही.

नवरा गेलेल्या बाईबद्दल ‘कपाळाचं कुंकू पुसलं’ असं बोलू नका, कितीही साहित्यिक वाटलं तरी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ग्रामसभेत ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगणारं परिपत्रक काढलं. प्रथा जातायत, तर वाक्प्रचार तुम्ही कशाला चालवताय?

६. जो रस्त्यावर आहे त्याला

‘बाबा सीरियस आहेत, ताबडतोब निघ.’ हे वाक्य मराठी माणसाला इतकं ठाऊक आहे की ‘सीरियस’ ऐकताच तो मनात समजतो. तरी आपण म्हणतो आणि तोही विचारत नाही. गाडी चालवणाऱ्याला किंवा एकट्याने रात्रीच्या एसटीत बसलेल्याला पूर्ण न सांगण्यात मला खोटेपणा वाटत नाही. पण घरातल्या सगळ्यांनी एकच ठरवा. आमच्याकडे मी दादाला ‘तब्येत फार बिघडलीय’ म्हटलं आणि विमानतळावर त्याला एका ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ दिसली. म्हणून क्रम असा ठेवा: प्रवासात असलेल्याला कळेपर्यंत कुठेही लेखी काही टाकायचं नाही. आणि त्याने सरळ विचारलं, ‘आहेत का?’ तर खोटं बोलू नका.

आडून सांगण्याचा मराठीतला सगळ्यात मोठा नमुना पानिपतचा. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. नानासाहेब पेशव्यांना ती कळली एका सावकारी पत्रातून, आणि ओळ साधारण अशी सांगतात: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. नाव एकाचंही नाही, तरी सगळं कळलं, कारण लिहिणारा आणि वाचणारा एकाच बोलीतले होते. मुलगा आणि चुलत भाऊ गमावलेले नानासाहेब त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर गेले. माझं ‘शांत झाले’ असंच सांकेतिक होतं, फक्त संकेत इंदूरचा आणि ऐकणारी कराडची.

७. लिहून कळवताना

व्हॉट्सअॅपचा मजकूर असा पुरतो: ‘कळवण्यास अत्यंत दुःख होते की आमचे काका श्री. अमुक यांचे आज पहाटे वृद्धापकाळाने निधन झाले. अंत्ययात्रा उद्या सकाळी अमुक वाजता राहत्या घरून निघेल.’ खाली पत्ता आणि एक फोन नंबर, ज्याचा फोन चालू आहे असा. जुना मजकूर कॉपी केला असेल तर तीनदा वाचा. ‘कळवण्यास आनंद होतो की’ असं गेलेलं मी पाहिलंय. वेळ बदलली तर नवा पूर्ण मजकूर टाका. नाहीतर पुढे पाठवणारे आपापल्या परीने बदलतात आणि ध चा मा होतो.

पेपरातल्या निधनवार्तेची चाल ठरलेली आहे: नाव, वय, कारण, मग ‘त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगा, सून, नातवंडे असा परिवार आहे.’ जाहिरात द्यायची तर बहुतेक ठिकाणी मृत्यूचा किंवा डॉक्टरांचा दाखला आणि देणाऱ्याचं ओळखपत्र मागतात. नातेवाइकांच्या यादीत एक नाव गळलं की ते वीस वर्षं ऐकावं लागतं, म्हणून यादी घरातल्या सगळ्यात खवचट माणसाकडून तपासून घ्या. ‘अल्पशा आजाराने’ हा मराठीतला सभ्य पडदा आहे, त्याच्या मागे डोकावू नका आणि कुणी डोकावलं तर उत्तर देऊ नका.

चौकातला फलक करणार असाल तर छापणाऱ्याकडे उभं राहा. त्याच्याकडे वाढदिवसाचा साचा तयार असतो. फोटो बदलतो, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ येते, आणि खाली ‘शुभेच्छुक’ तसंच राहतं. तिथे ‘शोकाकुल’ हवं.

८. मृत्यूखेरीज वाईट बातम्या

इथे मराठी एकदम खेळकर होते. बोऱ्या वाजला, बारा वाजले, तीनतेरा झाले, बट्ट्याबोळ झाला, पानिपत झालं. नियम तोच: स्वतःचं दिवाळं वाजलं तर ‘आपला बोऱ्या वाजला’ म्हणून हसा. दुसऱ्याच्या धंद्याबद्दल ‘अडचणीत आहे’ म्हणा. मुलीचं लग्न ‘मोडलं’ असं तिचे आईवडील म्हणू शकतात; आपण ‘पुढे गेलं नाही’ म्हणावं. नोकरी ‘गेली’, परीक्षेत ‘राहिला’. एवढं पुरे.

९. भेटायला येणारे, आणि तुम्ही गेलात तर

‘समाचाराला’ किंवा ‘दुखवट्याला’ जाणं म्हणतात. सातारकडे अंत्यविधीलाच ‘मातीला जाणं’ म्हणतात, मग दहन का असेना. घरात शिरताना नमस्कार-चमत्कार नाही, ‘कसं झालं?’ हा प्रश्न फक्त एकदा, तोही घरातल्या धडधाकट माणसाला. प्रत्येक नव्या पाहुण्याला काकू पहिल्यापासून सगळं सांगायच्या. दुपारपर्यंत मी ते तोंडपाठ म्हणू शकलो असतो, म्हणून मी दारातच लोकांना सांगून आत सोडायला लागलो. तेही कुणीतरी करावं.

आणि उठताना एरवीचं ‘येतो’ इथे म्हणायचं नाही. अशा घरी पुन्हा येण्याची वेळ नको, म्हणून. काही न बोलता उठायचं, चप्पल घालायची, निघायचं. मला हे माहीत नव्हतं. दुसऱ्याच्या घरी मी मोठ्याने ‘येतो हं’ म्हणालो आणि तिथल्या आजींनी कपाळाला हात लावला.

१०. राहून गेलेले

दहाव्याच्या आत डायरी पुन्हा काढा आणि खुणा नसलेली नावं बघा. ‘मला कळवलंच नाही’ ही तक्रार मराठी घरात मृत्यूपेक्षा जास्त टिकते. उशीर झाला असेल तर ‘गडबडीत राहून गेलं’ एवढंच म्हणा, कारणं देऊ नका. डायरीत नसलेलेही आठवा: पेपरवाला, दूधवाला, सकाळी फिरायला येणारे, देवळातले गुरुजी. आमच्याकडे पंधराव्या दिवशी काकांचा न्हावी पिशवी घेऊन दारात उभा राहिला, महिन्याचा ठरलेला रविवार होता म्हणून. बातमी त्याला मी उंबऱ्यावरच सांगितली, ‘वारले’ म्हणून. त्याने पिशवी खाली ठेवली आणि पाणी मागितलं.